'कट' आणि 'कातर': नातं कोणाशी?

प्रश्न – इंग्रजीतला 'कट' हा संस्कृतच्या 'कृत्' धातूचाच अवतार आहे, असं आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले एक आजोबा मुलांना नेहमी सांगतात. हिंदीत 'काटना', आपल्याकडे 'काटछाट' आणि 'कातर', तिकडे 'कट'. ऐकायला पटतं, पण खरंच तसं आहे का? आणि दहावीतल्या लेकीची एक शंका: 'गो, वेंट, गॉन' बदलतं, मग 'कट, कट, कट' तिन्ही वेळा सारखंच का?

प्रतिसाद – आजोबांचा कान चांगला आहे. कृत्, कर्तन, कर्तरी, कात्री, कातर ही सगळी एका घरची. 'काटना' आणि 'काटछाट'मधला 'काट' हेही त्यातलेच, प्राकृतातल्या 'कट्टइ'वरून आलेले. इंग्रजी 'कट' मात्र त्या घरचा नाही.

कारण ध्वनीचं आहे. संस्कृत आणि इंग्रजीचं नातं आहेच, पण ते नियमानं ओळखायचं असतं, शब्द सारखे दिसतात म्हणून नाही. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं १८२२मध्ये हा नियम नीट मांडला: दोन्हींच्या सामाईक मूळ भाषेतला सुरुवातीचा 'क' इंग्रजीच्या शाखेत 'ह' होतो. आपला 'कः' तिकडे 'हू' झाला. 'कृपाण' ज्या धातूवरून आलं, त्याच धातूवरून 'हार्वेस्ट' आला, म्हणजे सुगी. इंग्रजीत जुना, घरचा शब्द 'क'नं सुरू होत असेल, तर संस्कृतात त्याच्या जोडीला 'ग' किंवा 'ज' शोधावा लागतो: 'गौ' आणि 'काउ', 'जन' आणि 'किन', म्हणजे नातलग. म्हणजे 'कृत्' सरळ वाटेनं इंग्रजीत उतरला असता, तर त्याच्या सुरुवातीला 'क' राहिलाच नसता.

आता खरी गंमत. या धातूचं आणखी एक जुनं रूप होतं, 'क'च्या आधी 'स' असलेलं. 'स'च्या सोबतीला असलेला 'क' मात्र बदलत नाही. पुढे इंग्रजीत त्या 'स्क'चा 'श' झाला. त्यातून आला 'शिअर', म्हणजे मेंढीची लोकर कातरणं. आपल्या कातरणे या क्रियापदाचा खरा चुलतभाऊ हा! आणि तो एकटा नाही. 'शॉर्ट' म्हणजे कापून आखूड केलेलं, 'शर्ट' म्हणजे आखूड वस्त्र, 'शेअर' म्हणजे कापून दिलेला वाटा. 'स्कर्ट' हा 'शर्ट'चाच जुळा, पण उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून आल्यामुळे त्यात 'स्क' तसाच राहिला. 'स्कोअर'ही तिकडूनच आला. त्याचा मूळ अर्थ मोजणीसाठी काठीवर पाडलेली खाच. क्रिकेटचा स्कोअर आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातली कात्री एकाच धातूची लेकरं आहेत, हे मला 'कट'च्या बनावट नात्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

दुसरा पुरावा दाखल्यांचा. शब्द पहिल्यांदा कोणत्या लेखनात दिसतो, हे तारीखवार लावत जायचं. आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशासाठी १९४८पासून याच शिस्तीनं काम चाललं आहे. इंग्रजीत तसं पाहिलं, तर १३०० सालच्या आसपासपर्यंत 'कट' सापडतच नाही. त्याआधी कापण्यासाठी 'कार्व्ह' आणि 'शिअर' यांची जुनी रूपं होती, शिवाय 'स्नीथान' होतं. 'कट' बहुधा स्कँडिनेव्हियन बोलींतून आला. आइसलँडच्या भाषेत लहान सुऱ्याला 'कुटी' म्हणतात. या आगंतुकानं जुन्यांची जागा बळकावली. 'कार्व्ह' दगड, लाकूड आणि भाजलेल्या मांसापुरता उरला, 'शिअर' मेंढ्यांपुरता. 'स्नीथान' तर प्रमाण इंग्रजीतून गेलाच. त्याचा भाऊबंद 'श्नायडन' जर्मनीत अजून रोजच्या वापरात आहे.

लेकीला सांगा, 'कट'चा भूतकाळही पूर्वी वेगळा होता. शेवटी 'ते'सारखा प्रत्यय लागायचा आणि तो धातूतल्या 'ट'ला चिकटून 'कट्टे' असं काहीसं रूप व्हायचं. पुढे बोलण्यात शेवटचा स्वर गळाला आणि तिन्ही रूपं एक झाली. 'पुट', 'सेट', 'हिट', 'शट' बघा, सगळ्यांच्या शेवटी 'ट'च आहे.

प्रश्न – मग 'फोन कट केला', 'रिक्षानं कट मारला', 'त्याचा पत्ता कट', हे सगळे इंग्रजीच का? आणि मिसळीचा कट?

प्रतिसाद – मिसळीचा कट आणि पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या पाण्याचा, कटाच्या आमटीचा कट, यांचा इंग्रजीशी काही संबंध नाही. कटकारस्थानातल्या कटाचाही नाही.

'फोन कट', 'कटिंग', 'कट-ऑफ' हे इंग्रजीच. 'पत्ता कट' मात्र हिंदीच्या 'पत्ता कटना'मधून आला, म्हणजे तो 'कृत्'च्याच घरातला. त्यामुळे एकाच वाक्यात 'त्यानं फोन कट केला, तेव्हाच माझा पत्ता कट झाला' असं म्हटलंत, तर पहिला 'कट' उत्तर युरोपातला आणि दुसरा प्राकृतातला. रिक्षाच्या कटाबद्दल मी इंग्रजीच्या बाजूनं आहे. वाहनानं आडवं घुसण्याला इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात, आणि परक्या शब्दाला आपलं 'मारणे' जोडून क्रियापद करण्याची आपली सवय जुनी आहे.

एक आग्रह मात्र आहे. बोलण्यात 'भाजी कट केली' ऐकू येतं, ते मला खटकतं. आपण भाजी चिरतो, सुपारी कातरतो, मेथी खुडतो, फांदी छाटतो, ऊस तोडतो, लाकूड तासतो. प्रत्येक क्रियापदात हाताची हालचाल वेगळी आहे. इंग्रजी 'कट'ला 'ऑफ', 'अप', 'डाउन' असे शेपटाचे शब्द लावून हे काम भागवावं लागतं. हातात नेमका शब्द असताना तो टाकून का द्यायचा?

प्रश्न – आणि आपलं 'कापणे'? तेही 'कृत्'चंच ना?

प्रतिसाद – नाही! ते 'कल्प्'कडून आलं, प्राकृत 'कप्पेइ'वरून. नीट करणं, बेतशीर करणं, हा 'कल्प्'चा अर्थ. त्यातून केस-नखं नीट करणं, आणि मग कापणं. 'कल्पना' याच धातूची. संस्कृतात 'कल्पनी' म्हणजे कात्री आणि 'कल्पक' म्हणजे न्हावी.