गोष्ट १९३६ ची, बंदूक १९४० ची... तुम्हाला चालतं का?

दारूगोळा (धागाकर्ता):
रविवारी पोरासोबत परत एकदा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' बघितला, कितव्यांदा ते विचारू नका. गोष्ट १९३६ ची, इजिप्तमधली. आणि जर्मन सैनिकांच्या हातात काय, तर एमपी ४० सबमशीनगन, नावातच ४० आहे राव! शिवाय वाळवंटी खाकी घालून पलटणच्या पलटण फिरतीये, तेही इंग्रजांचं सैन्य इजिप्तमध्ये ठाण मांडून बसलेलं असताना, आणि जर्मन सेनापती रोमेल आफ्रिकेत उतरला तो १९४१ च्या फेब्रुवारीत, तोसुद्धा लिबियात. शेवटी हिरो खांद्यावर रॉकेट लाँचर घेऊन उभा राहतो, तसलं काही अमेरिकेकडेही १९४२ च्या आधी नव्हतं. बायको म्हणाली पेटीतनं भुतं निघतात ते चालतं आणि बंदूक खुपते? तेव्हा काही सुचलं नाही म्हणून धागा काढला. माझं मत, खुपायलाच पाहिजे. भुतं खोटी आहेत हे दाखवणाऱ्यालाही मान्य असतं, बंदूक मात्र तो खरी म्हणून खपवतो.

चहाबाज:
वहिनींना +१. तिकीट काढून आपण साहस बघायला जातो, शस्त्रागाराची तपासणी करायला नाही. एमपी ४० दिसली की "हे नाझी" एवढं अर्ध्या सेकंदात कळतं, बास. तिथं १९३६ ची बरोबर बंदूक दिली असती तर निम्म्या थिएटरला वाटलं असतं हे कोण शिकारी आलेत.

फिल्मीकिडा:
बंदुका दिग्दर्शक घरून आणत नाही हो, भाड्यानं येतात, आणि गोदामात जे पडलेलं असेल ते येतं. एमपी ४० दहा लाखांच्या आसपास बनल्या, आधीची एमपी ३८ त्यामानानं किरकोळ. वेस्टर्नमध्ये तर गंमतच, गोष्ट १८७० च्या दशकातली असली तरी काउबॉयकडे विंचेस्टर १८९२ रायफल, कारण फाइव्ह-इन-वन नावाचं एकच खोटं काडतूस तिलाही चालायचं आणि कोल्ट रिव्हॉल्वरलाही. सेटवर पाच प्रकारचे डबे सांभाळायचे आणि गडबडीत भलतंच भरायचं, सांगितलंय कुणी? त्याही आधी मागून काडतूस भरायच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलीला चकमकीच्या दगडाचा खोटा घोडा बसवून ठासणीची बंदूक म्हणून चालवून घ्यायचे.

दारूगोळा:
@फिल्मीकिडा भाड्याचं मान्य. पण सगळ्या चुका सारख्या नसतात. 'झुलू' (१९६४) घ्या. १८७९ ची दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट ठाण्यावरची लढाई, इंग्रजांकडे दीडशेच्या आसपास माणसं, समोर तीन-चार हजार झुलू. काही सैनिकांच्या हातात ली-एनफील्ड रायफल दिसते, ती १८९५ ची. ठीक आहे, त्या काळच्या खऱ्या मार्टिनी-हेन्री रायफली पुरल्या नसतील, सोडून देतो. पण त्याच सिनेमात झुलू टेकडीवरून, इंग्रज आधी जिथं हरले त्या इसांडलवानाच्या लढाईत लुटलेल्या मार्टिनी झाडतात, आणि ही फौज त्या लढाईच्या मुख्य भागात उतरलीच नव्हती, हिच्याकडे होत्या जुन्यापुराण्या ठासणीच्या. दोन्हीकडे एकच रायफल दिली की सामना बरोबरीचा वाटायला लागतो ना! कोणाच्या हातात काय आहे यातच अर्धी गोष्ट असते. आपल्याकडचंच बघा, १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार दिलं, १८९७ ला सारागढीत ३६ वी शीख पलटण एकेक काडतूस भरत मार्टिनी-हेन्रीनं लढली तेव्हा गोऱ्यांकडे मॅगझिनवाली ली-मेटफर्ड येऊन गेलेली. सिनेमात त्यांच्या हातात पुढची रायफल दिली तर हा अख्खा विषयच गायब.

खडूस_काका:
बंदुकीचं साल तपासताय, माणसाचं काय? त्याच 'झुलू'त प्रायव्हेट हेन्री हूक दारुडा आणि कामचुकार दाखवलाय. खरा हूक दारूला शिवत नव्हता. रोर्क्स ड्रिफ्टला ११ व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाले, त्यातला एक त्याचा. रायफल चुकली तर रायफलीच्या लेकीबाळींना वाईट वाटत नाही. पण तुम्हा लोकांना बोल्ट कुठल्या बाजूला आहे ते आधी दिसतं, अब्रू नंतर.

दारूगोळा:
काका, हे लागलं. हूकचं खरंच चूक आहे. पण मग दोन्ही चुका म्हणा की, एक मोठी म्हणून दुसरी माफ कशी?

निवृत्त_कॅडेट:
कॉलेजात एनसीसीला ३०३ रायफल चालवलीये, दस्ता नीट दाबून धरला नाही म्हणून खांदा चार दिवस दुखत होता, आणि मार्टिनीचा धक्का म्हणे त्याहून वाईट. रोर्क्स ड्रिफ्टला वीस हजाराच्या आसपास काडतुसं उडाली, सकाळी नऊशेच उरली होती, नळ्या तापून हात भाजत होते. हे दाखवा ना, यात काय कमी साहस आहे? आणि धूर! बिनधुराची दारू फ्रेंचांनी लेबेल रायफलीत आणली १८८६ ला, त्याआधी दोन-चार फैरी झाल्या की समोर नुसता पांढरा पडदा. सिनेमात आभाळ कसं स्वच्छ.

चहाबाज:
धूर दाखवला तर हिरोचं तोंड कसं दिसणार? 'झुलू'तल्या मायकेल केनला पैसे कशाचे दिले मग?

निवृत्त_कॅडेट:
तोंडाचं ठीक आहे, पण ते पांढरेशुभ्र हेल्मेट तरी सोडा. लांबून निशाणा लागू नये म्हणून ते सैनिक हेल्मेट चहात भिजवून मळकट करायचे. यात ना भाडं वाढतं ना तोंड झाकलं जातं.

चहाबाज:
एक मिनिट. चहात? युद्धावर जाताना चहा शिल्लक ठेवून टोपीला?

मी आत्तापर्यंत तुमच्या विरोधात होतो हे सगळ्यांनी विसरा. हा सीन बघायला मी दोनदा तिकीट काढीन.