बटाटे कधी काढायचे आणि मेपर्यंत टिकवायचे कसे?

गच्ची_पुणे
नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाफ्यात कुफरी ज्योती जातीचा बटाटा लावला. आता पाला पिवळा पडून आडवा झालाय. एक रोप उकरून पाहिलं, बटाटे पोसलेत, पण अंगठा घासला की साल सुटते. पंधरा-वीस किलो निघतील. लगेच काढू का? आणि फ्रीजमध्ये ठेवले तर मेपर्यंत राहतील?

सातगाव_पठार
थांबा. पाणी आजच तोडा. पाला विळ्याने जमिनीलगत कापा, उपटू नका, बटाटे उघडे पडतात. मग १० ते १५ दिवस मातीतच राहू द्या, म्हणजे साल पक्की होते. अंगठ्याने साल सरकेनाशी झाली की काढणी. त्याहून लांबवू नका, माती तापली की सड वाढते.

तोवर मातीला भेगा पडल्या तर बुजवत राहा. पाकोळी (बटाट्यावरचा छोटा पतंग) भेगांतून उघड्या बटाट्यापर्यंत पोचते आणि डोळ्यांवर अंडी घालते. घरात मग सगळ्या टोपलीत अळी.

काढताना कुदळ बुंध्यापासून वीतभर लांब मारा. बटाटे धुवायचे नाहीत, माती सुकली की हाताने झटकायची.

अरण
पुढचं. काढल्यावर उन्हात ठेवू नका. सावलीत ढीग करून वर बारदान टाका, १०-१५ दिवस. बारीक खरचटे एवढ्यात भरून येतात. मग निवड: कापलेले आधी खायला, मऊ पडलेले बाहेर. डोळ्यापाशी काळसर भुसा दिसला तर आत अळी आहे, तोही बाहेर.

जाळीच्या क्रेटमध्ये खाली-वर घाणेरीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला इंचभर पसरा, पाकोळी लांब राहते. क्रेट अंधाऱ्या, हवेशीर जागी. प्लास्टिकची पिशवी नकोच: आत घाम सुटतो आणि सड लागते. कांदेही शेजारी नकोत.

मेचं मात्र विसरा. पुण्याच्या उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत कोंब येतात, बटाटा सुरकुततो.

वाळवण
फ्रीजबद्दल: ८ अंशांच्या खाली स्टार्चची साखर होऊ लागते. भाजी गोडसर लागते आणि तळलं की काळपट रंग येतो. म्हणून जे टिकणार नाहीत त्यांचे मार्चमध्येच वेफर्स आणि कीस करून टाका, फ्रीजमध्ये न ठेवलेल्या बटाट्यांचे. हिरवा पडलेला भाग जाड सोलून काढा. चव कडू लागली तर अख्खा बटाटा फेका, शिजवून सोलॅनिन हे त्यातलं विष जात नाही.

गच्ची_पुणे
धन्यवाद! थोडे पुढच्या लावणीसाठी ठेवू का?

सातगाव_पठार
नको. बियाण्याला २ ते ४ अंशांचं शीतगृह लागतं, घरात ऑक्टोबरपर्यंत त्याचा चोथा होतो. शिवाय मावा किडीतून आलेला विषाणू बटाट्यावर दिसत नाही, पुढच्या पिकात उतरतो. प्रमाणित बियाणं घ्या.