खडी धुतली की दोन दिवसांत पाणी दुधाळ का होतं?

काचपेटी:
दोन फुटी टाकी आहे (२४ × १२ × १५ इंच). चार गोल्डफिश, अंडरग्रॅव्हल फिल्टर (तळाला जाळीदार प्लेट; उभ्या पाइपातून हवा सोडली की पाणी खडीतून खाली ओढलं जातं), त्यावर अडीच इंच खडी. दर महिन्याला मासे बादलीत काढून खडी नळाखाली चोळून धुतो, फिल्टरची प्लेट घासतो आणि सगळं पाणी नवीन भरतो. पहिला दिवस एकदम नितळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडमीट करत राहतात. पाणी नगरपालिकेचं, क्लोरीन मारायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाकतो. फिल्टर बदलू का?

तळ्यातमळ्यात:
फिल्टर ठीक आहे, धुणं थांबवा. अंडरग्रॅव्हलमध्ये खडी हाच फिल्टर असतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू त्या खड्यांवरच चिकटलेले असतात. क्लोरीनच्या नळाखाली चोळलं की ते गेले. त्यांना पुन्हा जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही दर महिन्याला धुता. म्हणजे ही टाकी कधी मुरतच नाही.

पांढुरकेपणा म्हणजे पाण्यात मोकळे तरंगणारे दुसरे जीवाणू. ते भराभर वाढतात आणि प्राणवायू खातात, शिवाय अमोनिया चढलेला असतो. म्हणून मासे वर येतात. धुतल्यावर लगेच पाणी करडं दिसून काही तासांत बसलं, तर तो नुसता गाळ; त्याची काळजी नको.

आता करायचं काय: अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली बुडाकडून कापा, तोंडात १०-१२ मिमी नळी घट्ट बसवा. टाकीत नळी भरून सायफन चालू करा आणि बाटलीचं रुंद टोक खडीत पार प्लेटपर्यंत खुपसा. खडे आत घुसळतात, घाण वर चढते. खडे नळीपर्यंत यायला लागले की नळी दोन बोटांत दाबायची, ते खाली पडतात. मग पुढची जागा. एका वेळी तळाचा एक तृतीयांश भागच. बादली बघता बघता भरते, त्यामुळे माशांनी जिथे जास्त घाण केली आहे तिथून सुरुवात करा (बहुतेक वेळा खाणं पडतं तो कोपरा). दर आठवड्याला १५ लिटर काढलंत की पुरे. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता तुमच्या टाकीत पाणी साधारण ५५ लिटरच असेल.

प्लेटखालचा गाळ मात्र यातून निघत नाही. त्यासाठी हवेची बारीक नळी उभ्या पाइपमधून खाली प्लेटखाली सोडा आणि सायफन करा, दोन-तीन महिन्यांतून एकदा.

पाणीदार:
वरचं सगळं बरोबर, पण सगळं पाणी एकदम बदलण्यात आणखी एक धोका आहे. जुन्या टाकीत पीएच हळूहळू उतरतो, कारण अमोनिया पचवताना पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवणारे क्षार) खर्च होते. नवं पाणी त्यापेक्षा चढ्या पीएचचं असतं. पीएच ७ चा ८ झाला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. तेवढाच अमोनिया, पण मासे मरतात.

हायपो खडे टाकण्यापेक्षा द्रावण करा: १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवून पाणी १०० मिली करा. २० लिटरच्या बादलीला २ मिली, ढवळून मगच टाकीत. खडे लहानमोठे असतात, अंदाज चुकतो. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्लोरीन वाढवतात. नाकाला वास आला तर ३-४ मिली घ्या.

काचपेटी:
कळलं. आज पाणी दुधाळच आहे. आत्ता काय करू? दुकानदार म्हणतो आरओचं पाणी वापरा.

पाणीदार:
नुसतं आरओ नको. त्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते, पीएच कोसळतो.

तळ्यातमळ्यात:
दोन दिवस खाणं बंद. हवेचा पंप पूर्ण जोरात, जमलं तर जादा एअरस्टोन. रोज १५ लिटर पाणी बदला, खडीला हात न लावता. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आणा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं बरं. नायट्राइट दिसला तर लिटरला १ ग्रॅम मीठ, म्हणजे एकूण ५५ ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला. क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, पुढे बदललेल्या पाण्यापुरतंच परत घालायचं. दोन्ही शून्यावर आले की मग आठवड्याचं वेळापत्रक.

वीज गेली तर पंपाचा विचार आधी करा, कारण खडीतून पाणी फिरायचं थांबलं की आतला प्राणवायू संपतो. बॅटरीवरचा एअर पंप मिळतो.

आणि चार गोल्डफिश या टाकीला जड आहेत. गोल अंगाचे असतील तर दोनच ठेवा. लांब शेपटीचे कॉमेट असतील तर ही टाकी त्यांची नाहीच.