वजन 61, रोज पळतो, तरी कमरेचा टायर जात नाही. सडपातळ माणसाला लायपोसक्शन सेफ असतं का?

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी. वय 29, उंची पाच फूट आठ, वजन 61. आठवड्यातनं चार दिवस पळतो, रविवारी राजहंसगडाचा चढ मारून खाली येतो, दोन दिवस जिम. पोरं मला 'काडी' म्हणतात. पण शर्ट काढला की बेंबीखाली आणि दोन्ही बाजूंना कमरेला चिमटीत धरता येईल असं जे काही हाय, ते तीन वर्षं झाली हलायला तयार नाही. साखर सोडली, रात्रीचा भात सोडला. गालफडं बसली, आजी विचारालीय पोराला टीबी-बिबी झालाय काय, पण टायर जागच्या जागी.

मागच्या महिन्यात एका क्लिनिकात जाऊन आलो. नाव सांगत नाही. काउन्सेलर मॅडम होत्या, डॉक्टर पाच मिनिटं डोकावून गेले. सगळं सोफ्यावर बसूनच. मोबाइलवर फोटो दाखवले. चरबी ओढून घेऊन वर सिक्स पॅकच्या रेघापण काढून देतो म्हणाले, 'हाय-डेफ' म्हणे. एक लाख चाळीस हजार, लग्नसराईची ऑफर म्हणून एक लाख दहा. रिस्क विचारली तर मॅडम म्हणतात, "सर, रिस्क जाड माणसाला. तुम्ही ॲथलीट, तुम्हाला काय होतंय? दुपारी करा, रात्री घरी जेवायला."

संमतीचा फॉर्म घरी वाचायला दिलाय. एका बाजूला कन्नड, एका बाजूला इंग्रजी. कन्नड मी धडाधड बोलतो, पण असलं दवाखान्याचं कन्नड वाचताना घाम फुटतो. इंग्रजी बाजू डिक्शनरी घेऊन वाचली, तर मॅडम बोलल्या त्यातलं एकपण वाक्य तिथं नाही. म्हणून इथं विचारालोय.

लग्न तुळशीनंतर आहे. खरोखरच फिट माणसाला धोका कमी असतोय काय? पळायला परत कधी लागता येतं? आणि बेंबीच्या वर दोन बोटांवर बोराएवढा एक फुगवटा हाय, डेडलिफ्टच्या (जमिनीवरनं वजन उचलायच्या) दिवशी जास्त कळतो. चरबीची गाठच असणार. मॅडम म्हणाल्या तीपण त्यातच निघून जाईल.

शहापूरचा आप्पा

61 किलोतनं काढणार काय भावा, किडनी?

रेघांचं मात्र खरं सांगतो. आमच्या जिममधल्या एकानं तसल्या रेघा काढून घेतल्या होत्या. वर्षभर भारी दिसला. मग लग्न झालं, सासुरवाडीचं जेवण लागलं, दहा किलो वाढला. आता पोटावर रेघा तशाच आणि मधला भाग फुगलेला, ताटात खोबऱ्याच्या वड्या पाडून ठेवल्यागत. पोहायला येत नाही तो आता.

निपाणीची कबड्डीवाली

आप्पा, वड्यांवर हसले, पण मी स्वतः केलंय हे. 2019 ला, तेव्हा वजन 54. कॉलेजपासून कबड्डी. मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला फुगवटे, आमच्याकडे ते घराण्यातच आहेत. आजीला, दोन्ही आत्यांना, मला. शॉर्ट्स घालून मैदानात उतरायचं म्हणजे नको वाटायचं. पुण्यात केलं. डॉक्टर एम.सीएच. (ही सर्जरीतली वरची पदवी) प्लास्टिक सर्जन, दवाखाना नीटनेटका, कुणी फसवलं नाही. तरीही काय झालं ते सांगते.

सकाळी उभं करून मांड्यांवर मार्करनं एकात एक गोल काढले, भूगोलाच्या नकाशात डोंगर दाखवतात तसे. आडवं झालं की चरबी पसरते, म्हणून हे काम उभ्यानंच करतात. मग औषधाचं पाणी भरलं, मांडी गारठून दगडासारखी झाली. मग कातडीखाली नळी घालून चरबी ओढली. दोन्हीकडचं मिळून 700 मिली निघालं. दुधाच्या दीड पिशवीपेक्षा कमी. मला वाटलं, एवढंसंच तर आहे.

गोम त्या एवढंसंमध्येच होती. अंगात चरबीचा जाड थर असला तर नळी थोडी वर-खाली झाली तरी वरून गादी राहते, झाकून जातं. माझी गादीच पातळ. डाव्या मांडीवर एका ठिकाणी नळी कातडीच्या फार जवळून गेली आणि सूज उतरल्यावर तिथं खळगा दिसायला लागला, लिंबाची फोड बसेल एवढा. समोरून बघितलं तर काही नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की मात्र त्यात सावली पडते. आमचा सराव संध्याकाळीच असायचा.

घट्ट पट्ट्याची पँट सहा आठवडे, तीही मे महिन्यात. उजवीकडे पाणी साठलं, दोन वेळा सुईनं काढलं. चालायला दुसऱ्या दिवसापासून लावतात, पळायला मला पाचव्या आठवड्यात परवानगी मिळाली, आणि पकडीत झटका बसला की दुखणं चार महिने होतं. त्यामुळं 'रात्री घरी जेवायला' वगैरे ऐकून घे आणि सोडून दे.

खळगा भरून घ्यायला दुसऱ्या सर्जनकडे गेले. ते म्हणाले भरता येईल, तुमच्याच अंगातली चरबी दुसरीकडून काढून इथं टोचायची. मग माझं पोट, कंबर, दंड चिमटीत धरून बघितले आणि म्हणाले, "पण आणायची कुठून?"

अजून एक. मांड्या बारीक झाल्या त्या राहिल्या, पण वर्षभरात पँट कमरेला आवळायला लागली. वजन तेवढंच. मला वाटलं भास. नंतर वाचलं (आधी वाचायला हवं होतं) की अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लठ्ठ नसलेल्याच बायकांवर अभ्यास झाला होता, 2011 ला छापून आला. मांड्यांतली काढलेली चरबी वर्षभरात पोटावर परत आलेली. ब्राझीलचा 2012 चा अभ्यास तर नॉर्मल वजनाच्या 36 बायकांचा. पोटाची थोडीशी चरबी काढलेली, त्यात ज्यांनी नंतर व्यायाम केला नाही त्यांची आतड्यांभोवतीची चरबी 10 टक्के वाढली, व्यायाम करणाऱ्यांची नाही. म्हणजे पळणं सुटलं तर वरची जाऊन आतली येणार, आणि पळणं तर काही आठवडे सुटणारच.

पस्तावले का विचारशील, तर अर्धी. उजवी मांडी मला आवडते.

खानापुरी ओटीवाला

मी ॲनेस्थेशिया टेक्निशियन, चौदा वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या सांगण्यावर काही ठरवू नको.

आधी तो फुगवटा. बाकी सगळं नंतर. उताणा झोप, पाय सरळ, नुसती मान उचल. मग हात ठेवून खोक. बोटाला धक्का लागतो काय, गाठ मोठी होते काय, बघ. चरबीची गाठ खोकल्यावर मोठी होत नाही. डेडलिफ्टच्या दिवशी जास्त कळते म्हणतोस, ते वाचून मला हर्नियाची शंका येतेय. पोटाच्या भिंतीला भोक असलं आणि वरून न बघता नळी फिरवली, तर ती भिंतीच्या आत जाते. आत आतडं असतं. सडपातळ माणसाच्या बाबतीत कातडी आणि भिंत यांत अंतरच केवढं? जनरल सर्जनला दाखव, सोनोग्राफी कर. त्या मॅडमनी तुला साधं आडवंपण केलं नाही, हे मला काही पटलं नाही.

आता 'रिस्क जाड माणसाला'. अर्धं खरं. वजन जास्त असलं की भूल अवघड, रक्ताच्या गुठळ्यांची भीती जास्त. पण यात जे पाणी भरतात त्यात सलाइन, ॲड्रेनलिन आणि लिडोकेन (बधिर करायचं औषध) असतं. जेफ्री क्लाइन नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं 1980 च्या दशकात ही पद्धत काढली, त्यामुळं रक्त कमी जातं, चांगली पद्धत आहे. पण लिडोकेनचं गणित किलोवर चालतं. क्लाइनची जुनी मर्यादा किलोमागे 35 मिलिग्रॅम, नंतर काही जण 55 पर्यंत गेले. 35 धरलं तर तुझे 61 किलो म्हणजे 2,135 मिलिग्रॅम. 90 किलोवाल्याला 3,150. एका लिटर पाण्यात बहुधा 500 ते 1,000 मिलिग्रॅम असतं. पोट, दोन्ही कमरा आणि वर रेघा एकाच दिवशी करायच्या म्हटल्या की तुझा कोटा त्याच्याआधी संपतो. आणि ओढताना ते सगळं परत बाहेर येत नाही. बरंचसं आत राहतं, हळूहळू रक्तात उतरतं, बारा तासांच्या आसपास सगळ्यात जास्त चढतं. दुपारी करून घरी गेलास तर औषध चढायच्या वेळेला तू येळ्ळूरात अंथरुणावर. ओठ बधिर, कानात गुणगुण, जीभ जड, ही पहिली लक्षणं. ती ओळखायला शेजारी कोण? आजी?

तुझी बसल्या जागेची नाडी 50 च्या खालीपण असू शकते, बऱ्याच पळणाऱ्यांची असते. ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं, नाहीतर टेबलावर मॉनिटर बोंबलतो आणि सगळे धावतात. प्री-वर्कआउट, फिश ऑइल, गुडघ्यासाठीच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, सगळं सांगायचं. जिममध्ये कुणी इंजेक्शनं दिली असतील तर तेपण. लाजू नको, तिथं लाजून काय करायचंय.

धोक्याचा आकडा पाहिजेच असेल तर 2000 साली अमेरिकेतल्या सर्जनांना विचारून काढलेला एक होता: साधारण 5,000 ऑपरेशनांमागे एक मृत्यू, सगळ्यात जास्त फुफ्फुसात गुठळी जाऊन. आता काळजी जास्त घेतात. पण 2022 च्या मे महिन्यात बेंगळुरूत चरबी काढायच्या ऑपरेशननंतर कन्नड मालिकांतली मुलगी गेली, 21 वर्षांची. ती काय जाड नव्हती. आणि अगदी जुनी गोष्ट, 1920 च्या दशकातली, पॅरिसची: एका सर्जननं नर्तकीच्या पोटऱ्या-गुडघ्यांची चरबी खरवडून काढायला घेतली, रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडला आणि कापावा लागला. नर्तकीच्या पायात चरबी ती किती असणार?

करायचंच ठरलं तर एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर, दवाखान्याची केपीएमई (कर्नाटकातल्या खाजगी दवाखान्यांच्या कायद्याखालची) नोंदणी, एक रात्र मुक्काम. गुठळीच्या भीतीमुळं पुण्याला वगैरे करून लगेच सात-आठ तास बसमध्ये बसून येऊ नको. आणि फॉर्म मराठीत समजावून सांगा म्हणायचं. न समजता सही केलीस तर ती संमती कसली?

येळ्ळूरकर

खोकून बघितलं. बोटाला धक्का लागतो.

खानापुरी ओटीवाला

डेडलिफ्ट बंद. सोमवारी सर्जन.

येळ्ळूरकर

तीन आठवडे गप्प होतो, माफ करा. सोनोग्राफीत निघालं. एपिगॅस्ट्रिक हर्निया, म्हणजे बेंबीच्या वरचा, भोक नऊ मिलिमीटर, त्यातनं आतली चरबी बाहेर डोकवालीय. आतडं नाही, म्हणून घाई नाही, पण शिवून घ्यायला सांगितलंय. सर्जननं विचारलं, "नळी कुठनं घालणार म्हणाले होते?" म्हटलं, बेंबीतनं. "बरं झालं आलास," एवढंच बोलले.

टायरचं विचारलं तर उभं करून चिमटीत धरलं, मग खुर्चीवर बसवून धरलं. म्हणाले यातली निम्मी तर कातडी आहे, बसल्यावर प्रत्येकाची दुमडते, माझीपण दुमडते. शर्ट वर करून दाखवली राव त्यांनी. कबड्डीवाल्या ताई, तुमचा लिंबाच्या फोडीचा किस्सा होणाऱ्या बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, तुझा टायर मी आजवर बघितलापण नाही, कुठं असतो?

क्लिनिकातनं दोनदा फोन आला. आता 95 हजार. हर्निया निघालाय म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, मग दोन्हीचं एकत्र पॅकेज करू या की."

एक शेवटचं विचारतो ओटीवाले दादा. ऑपरेशन दसऱ्याआधी करून घेणार. पण लग्नानंतर आमच्यात जेजुरीला जातात आणि बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या असतात. टाके घातल्यावर एवढं वजन किती दिवसांनी उचलायला देतात?

खानापुरी ओटीवाला

ते तुझ्या सर्जनला विचार, तारीख सांगून. वैनींचं वजन किती?

येळ्ळूरकर

विचारलं तर मारेल. माझ्यापेक्षा जास्त हाय, एवढं सांगतो.