मदत हवी आहे: एक दहाच्या एसटीनंतर कॉलेज रिकामं होतं, युवा महोत्सवाची तयारी करायची कधी?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. तासिका तत्त्वावर आहे आणि यंदा सांस्कृतिक विभागही माझ्या गळ्यात पडलाय. (सीएचबीवाल्यांकडं, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्यांकडं, असलीच खाती येतात, हे इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको.)

कॉलेज सकाळचं. पहिली एसटी सव्वासातला पोरांना फाट्यावर सोडते, आठला तास सुरू होतात, साडेबाराला सुटतात. एक दहाची गाडी गेली की आवारात शिपाई, मी आणि दोन कुत्री. पुढची गाडी थेट साडेपाचला. एसटीला नावं ठेवायची नाहीत, ती आहे म्हणून आमच्याकडच्या पोरी पदवीला येतायत. पण कॅम्पस लाइफ म्हणून जे काय आहे ते सगळं फाट्यावरच्या पिकअप शेडमध्ये. नोट्सची देवाणघेवाण तिथं, भांडणं तिथं, वाढदिवसाचा केकही तिथंच कापतात.

परवा पथनाट्याची तालीमसुद्धा तिथंच घेतली. सरपंच झालेला पोरगा ऐन रंगात येऊन ग्रामसेवकाला झापत होता, तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. वाक्य अर्धं टाकून सरपंचानं सॅक उचलली, ग्रामसेवकानं खिडकीतून रुमाल टाकून दोघांची जागा धरली आणि आमची तालीम संपली.

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव आधी जिल्हा पातळीवर होतो, त्यातून मध्यवर्तीला जाता येतं. आमची पोरं कुठं कमी नाहीत. लोकवाद्यवृंदाला लागणारी हलगी त्यांच्या गल्लीत वाजते, भजनी मंडळातले दोघे सुगम गायनाला उभे केले तर शहरातल्या कॉलेजांना घाम फुटेल. अडतं ते एकत्र बसण्यावर. दुपारी थांब म्हटलं की कुणाला संध्याकाळी धार काढून डेअरीला दूध घालायचं असतं, कुणाच्या घरी रोप लावण असते. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला आणि तोडणीची टोळी शेतात आली की वाड्यासाठी, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्यासाठी, पोरगं चार दिवस दिसत नाही. आणि पावसाळ्यात तर आमची मुलं वेळापत्रकाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्या आसपास पाणी गेलं की कोणता रस्ता बंद होणार हे त्यांना तोंडपाठ.

मुलींचं आणखी वेगळं. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, पदवीला आल्या की सवलतीच्या पासाला का होईना पैसे मोजावे लागतात. त्यात 'नाचगाण्यासाठी थांबायचं' म्हटलं की घरून पहिला नकार तिथंच. लोकनृत्याला नावं दिलेल्या मुलींपैकी निम्म्या गळाल्या. ज्या उरल्यात त्या जिद्दीच्या आहेत, पण साडेपाचची गाडी चुकली तर पुढं काय, याचं उत्तर माझ्याकडंही नाही.

अशा कॉलेजात काम केलेलं कुणी असेल तर सांगा, तालमी कशा बसवल्यात? पालकांशी कसं बोललात? 'हॉस्टेल बांधा' हे सोडून सांगा, संस्थेकडं तेवढे पैसे नाहीत.

गारगोटीकर: मॅडम, मी मौनी विद्यापीठाच्या आवारात शिकलोय, तेव्हा थोडं घरचंच बोलतो. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी १९४७ साली गारगोटीत काम उभं केलं ते खेड्यातल्या पोरानं खेड्यातच राहून शिकावं म्हणून. हॉस्टेल नको म्हणालात, बरोबर आहे, पण या जिल्ह्याला वसतिगृहांची सवय शाहू महाराजांनी १९०१ पासून लावली ती याच अडचणीपायी. असो. मुद्द्याचं: तुम्ही दुपारच्या मागं का लागलाय? सव्वासातला पोरं उतरतात, आठला तास. मधला पाऊण तास ती काय करतात?

फर्स्ट इयरचा बाप: माझी मुलगी अशाच कॉलेजात आहे. नाचाचं आम्हाला काही वाटत नाही, गावच्या जत्रेत ती नाचतेच. आम्हाला अंधाराची काळजी. कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून द्या: कोणत्या दिवशी थांबणार, सोबत कोणत्या मॅडम, कोणत्या गाडीत बसवून देणार, फोन कुणाला लावायचा. मुलीच्या तोंडी निरोप पाठवू नका. निरोप आला की आई 'नाही' म्हणते, कागद आला की वडिलांना दाखवते.

एनएसएसवाला: तुमचं अर्धं काम नव्या अभ्यासक्रमानं केलंय. सहअभ्यासक्रमाला आता श्रेयांक (क्रेडिट) आहेत, त्यात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), क्रीडा, योग यांच्यासोबत सांस्कृतिकही बसतं. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात. ते तास वेळापत्रकात आत घ्यायला प्राचार्यांकडं लेखी मागा. वेळापत्रकात आलं की ते 'थांबणं' राहत नाही, तास होतो, आणि तुमचेही तास कागदावर येतात. मॅडम, फुकट राबू नका. दुसरं, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असतंच. पोरं मुक्कामी असतात, संध्याकाळी मोकळी असतात. आम्ही आमचं मूकनाट्य शिबिरातच बसवलं होतं, गावकऱ्यांसमोर रंगीत तालीमही झाली.

स्टँडवरचा: डेपोत तोंडी विनंती करून उपयोग नाही. आगार व्यवस्थापकांच्या नावानं प्राचार्यांचं पत्र, सोबत गावागावांच्या ग्रामपंचायतींची पत्रं आणि पासधारक मुलांची गाववार यादी. यादी महत्त्वाची. किती पोरं कुठं उतरतात हे दिसलं की साडेपाचची गाडी अर्धा तास अलीकडं ओढायचा विचार तरी होतो. नवीन फेरी मागू नका, आहे तीच हलवा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. गारगोटीकर, तुमच्या प्रश्नावर आज सकाळी फाट्यावर जाऊन बघितलं. मुलगे चहाच्या गाड्यावर, मुली वर्गाच्या बंद दारापाशी पायरीवर. शिपायाशी बोलले, तो सातला दार उघडायला तयार आहे, फक्त चावी त्याच्याकडं ठेवायला ऑफिसची परवानगी लागेल. लोकनृत्य सकाळी घेते, म्हणजे मुलींचा साडेपाचचा प्रश्नच येणार नाही. पथनाट्य शेडमध्येच राहू दे, तिथं प्रेक्षक आयते मिळतात आणि सरपंचाला आवाज चढवायची सवय लागलीय.

श्रेयांकाचं पत्र प्राचार्यांना उद्या देते. पालकांच्या कागदाचा मसुदा कुणाकडं तयार असेल तर इथं टाका, मी फक्त नावं बदलून घेईन. शिबिर मात्र आमच्याकडं महोत्सवानंतर येतं, ते पुढच्या वर्षीच्या उपयोगाचं.

एक राहिलं. हलगी आहे, ढोलकी आहे, संबळ वाजवणारा नाही. राधानगरी-भुदरगड बाजूला पोरांना शिकवायला सकाळी सातला येईल असं कुणी माहीत आहे का? मानधन फार देता येणार नाही, येण्याजाण्याचा खर्च आणि नाश्ता नक्की. माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.