चेहऱ्याची आग आणि लाली जात नाही – मदत हवी आहे (पुणे)

सानिका_धायरी
वय ३६. गेले चार महिने गाल आणि नाकाच्या दोन्ही बाजू लाल होतात, आग होते, वर बारीक पुटकुळ्या येतात. मुरुमांचं औषध लावलं तर जास्तच चुरचुरलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघून चिठ्ठीवर ‘रोसेशिया’ लिहिलं (चेहरा लाल होण्याचा त्वचेचा आजार) आणि मेट्रोनिडाझोल जेल दिलं. तीन आठवडे झाले, काडीचा फरक नाही. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे. कुणाला असं झालंय का? काय लावून कमी झालं तेवढंच सांगा. पाणी प्या, झोप घ्या हे ऐकून झालंय.

अनुजा_प
तीन आठवडे फार कमी आहेत. त्या जेलचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. लाली कशाने वाढते? ऊन, गरम चहा, तिखट, की चिडचिड झाली की? ब्लॅकहेड्स आहेत का? रोसेशियात ते नसतात, मुरुमांत असतात. डोळे खुपतात का? आणि आधी चेहऱ्याला काय लावत होतात?

कोकण_ते_कोथरूड
हे शंभर टक्के पित्त आहे. रोज आमसुलाचं पाणी, रात्री सब्जा, आणि मसूर डाळीचं पीठ नि मुलतानी माती यांचा लेप. माझ्या वहिनीचा चेहरा पंधरा दिवसांत स्वच्छ झाला.

अनुजा_प
आमसुलाचं पाणी प्या, त्याला ना नाही. पण लेप नको. ही कातडी आधीच सोललेली असते, त्यावर पीठ चोळून धुतलं की दोन दिवस आग जात नाही. मी भोगलंय.

सानिका_धायरी
ब्लॅकहेड्स नाहीत. डोळे संध्याकाळी खुपतात, पण ते स्क्रीनमुळे असेल. चहा तीन वेळा. ऑफिस हिंजवडीला, स्कूटरने जाते, पोचेपर्यंत चेहरा तापलेला असतो. क्रीम नेहमीचीच.

बायपासवाला
स्कार्फ करकचून बांधून वर हेल्मेट घालत असाल तर आत वाफ कोंडते. सुती, सैल स्कार्फ घ्या.

रानडे_काका
स्कार्फचा काय दोष? धायरीत टँकरचं पाणी येतं, ते जड असतं. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना खाज आहे. आधी पाणी तपासून घ्या.

बायपासवाला
काका, खाज वेगळी, ही आग वेगळी. जड पाण्याने अंगभर कोरडेपणा येईल, फक्त नाक-गालांवर पुटकुळ्या कशा येतील?

मीनल७८
घाबरवायचं नाही, पण माझ्या आईला गालावर असंच झालं होतं आणि ते ल्युपस निघालं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते तो आजार. त्यासाठीची एएनए ही रक्ततपासणी करून घ्या.

अनुजा_प
ल्युपसमध्ये नाकाशेजारच्या घड्यांत बहुतेकदा लाली नसते आणि पुटकुळ्या सहसा नसतात. सांधे दुखत असतील, ताप येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. डोळ्यांचंही सांगा, रोसेशिया डोळ्यांतही होतो. सानिकाताई, नेहमीची क्रीम म्हणजे कोणती?

सानिका_धायरी
मेडिकलमधून मिळते ती. गालावर वांग होता म्हणून पार्लरवाल्या ताईंनी दीड वर्षापूर्वी सांगितली. वांग खूप कमी झाला. तिचा त्रास नाही, उलट लाल झालं की रात्री तीच लावते, सकाळी शांत असतं. चार महिन्यांपूर्वी आठवडाभर बंद केली होती, तेव्हापासूनच हे सुरू झालं.

अनुजा_प
ट्यूबवर मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते बघून इथे लिहा.

सानिका_धायरी
हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

अनुजा_प
मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. वांगावर डॉक्टर हे मिश्रण देतात, पण थोडे आठवडे आणि नजरेखाली. वर्ष-दीड वर्ष लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या फुगलेल्या राहतात आणि चेहऱ्याला त्याची सवय लागते. बंद केलं की भडका, लावलं की शांत. तुम्ही लिहिलंत ते नेमकं हेच आहे. माझंही हेच झालं होतं, फक्त ट्यूब वेगळी होती.

चिठ्ठीशिवाय ही विकायलाच नकोत. २०१८ मध्ये सरकारने अनेक लावायची स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आणली, तरी दुकानदार ती सर्रास देतात. याचा मला आजही संताप येतो.

डॉक्टरांकडे ट्यूब घेऊन जा. तुम्ही सांगितलं नसेल तर त्यांना कळणार कसं? माझ्या डॉक्टरांनी चेहऱ्यावरचं सगळं काढलं. फक्त वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. पहिला महिना वाईट गेला, आरशात बघवत नव्हतं. निवळायला सात महिने लागले.

फार्मा_संदीप
मी औषध दुकानातच काम करतो. आजच्या आज बंद करा.

मीनल७८
एकदम नको. माझ्या जावेला डॉक्टरांनी आधी सौम्य स्टिरॉइडवर आणून मग सोडवलं. एकदम सोडून तिचा चेहरा सुजला होता.

फार्मा_संदीप
सौम्यच्या नावाखाली लोक आणखी वर्षभर लावत बसतात, मी रोज बघतो.

अनुजा_प
दोन्ही पद्धती आहेत. कोणती घ्यायची ते चेहरा बघून डॉक्टरांनी ठरवावं, आपण इथे नको. आणि सानिकाताई, गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर गोळ्यांआधी ते सांगा, डॉक्सिसायक्लिन तेव्हा चालत नाही.

स्नेहल_कर्वेनगर
लग्नासाठी हिरवट करेक्टर मिळतो, त्याने लाली झाकते. आधी कानामागे लावून बघा. आणि कुणाला केसांतल्या कोंड्यावर काही माहीत आहे का?

कोकण_ते_कोथरूड
कोंड्याला लिंबू.

सानिका_धायरी
मी डॉक्टरांना क्रीमबद्दल बोललेच नव्हते. त्यांनी विचारलं नाही आणि मला ते औषध वाटतच नव्हतं. उद्या ट्यूब घेऊन जाते. त्यांनी परत दोनच मिनिटं दिली तर ससूनच्या त्वचारोग ओपीडीत नंबर लावेन.

एक सांगायचं राहिलं. ही ट्यूब मी नणंदेलाही दिली होती, लग्नाआधी डाग जावेत म्हणून. तिला आता फोन करते.

अनुजा_प
लगेच करा. ती किती दिवस लावतेय?