पिवळ्या पानांचा प्रश्न कसा विचारावा

बागकामाच्या चर्चागटात नवख्या बागप्रेमींनी आधी जुनी उत्तरे वाचावीत आणि मगच प्रश्न विचारावा, असे सुचवले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण नेमके काय पाहायचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला जुन्या उत्तरांतले आपल्या कामाचे उत्तरही ओळखता येत नाही. ‘लिंबाची पाने पिवळी पडत आहेत, काय करू?’ हा नेहमीचा प्रश्न घ्या. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी पडत असते, कारण झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पालवीला पुरवते; लोह मात्र असे सहजी हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी दिसते. चुनखडीच्या जमिनीत तर ती वारंवार आढळते. तेव्हा ‘सविस्तर लिहा’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘पिवळेपणा शेंड्याकडे आहे की बुंध्याकडे?’ असे आपण उत्तर देणाऱ्यांनीच आपुलकीने विचारावे. झाड कुंडीत असेल तर बोटभर माती उकरून ओल पाहायला सांगावे, आणि एक पान उजेडाकडे धरून छायाचित्र मागावे, म्हणजे शिरा स्पष्ट दिसतात.